आधी आदेशाची प्रत दाखवा

कोरोनाचा विषय निघाला की आपल्याकडे एक ठरलेलं भाषण होतं. आपल्या पोरांनी जनाजे उचलले. ज्यांच्या घरचे जवळ यायला घाबरत होते, अशा हिंदू मयतांनाही स्मशानापर्यंत पोचवलं. रमजानमध्ये गल्लोगल्ली रेशनची किट वाटली, दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनचे सिलिंडर वाहिले. ज्या चॅनेलांनी निजामुद्दीनच्या नावानं अख्ख्या कौमला रोगाचं घर ठरवलं होतं, त्यांना असं उत्तर मिळालं. यातलं काहीच खोटं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानंसुद्धा २१ ऑगस्ट २०२० रोजी तबलिगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवरचे गुन्हे रद्द करताना, त्यांना बळीचा बकरा करण्यासाठी निवडलं असण्याची शक्यता बोलून दाखवली.

तरी मला या भाषणाचा कंटाळा आलाय, कारण ते दर वेळी अभिमानापाशी येऊन थांबतं. ज्यांनी हे काम केलं त्यांना कोणी पाठवलं? कोणत्या कागदावर? त्याचे पैसे कोणत्या खात्यातून यायला हवे होते? त्यातलं कोणी मेलं असतं तर घरच्यांच्या हातात काय पडलं असतं? हे विचारलं की मोठी माणसं म्हणतात, खिदमतीचा हिशोब करायचा नसतो बेटा.

मी तो करणार आहे.

१४ मार्च २०२० ला केंद्रीय गृहमंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवलं. कोविडला 'अधिसूचित आपत्ती' मानायचं, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतला पैसा त्यासाठी वापरता येईल, असं ते पत्र होतं. त्यात मृताच्या वारसांना ४ लाख रुपये देण्याची तरतूद होती, आणि मदतकार्यात असताना मेलेल्यांचा वेगळा उल्लेखही होता. त्याच दिवशी सुधारित पत्र आलं. विलगीकरण, तपासण्या, साहित्य यांवरचा खर्च तसाच राहिला, ४ लाखांची ओळ मात्र गायब झाली. पुढे लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. ३० जून २०२१ ला न्यायालयानं सांगितलं की मदतीची किमान रक्कम ठरवणं हे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणावर कायद्यानं बंधनकारक आहे. त्यानंतर सप्टेंबरमध्ये आकडा आला ५० हजार, आणि तोही राज्यांच्या निधीतून. ४ लाख, मग शून्य, मग ५० हजार. ही घसरण आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

आता निगा राखणाऱ्यांकडे येते. दवाखान्याच्या बाहेर, घरात आणि वस्तीत आजारी, म्हाताऱ्या, एकट्या माणसाकडे रोज बघण्याचं जे काम असतं, त्याला इंग्लंडात 'सोशल केअर' म्हणतात आणि ते एक क्षेत्र मानलं जातं. आपल्याकडे ते बायकांचं काम मानलं जातं, त्यामुळे त्याला खातंही नाही आणि नीट नावही नाही. सरकारी व्यवस्थेत या कामाच्या सगळ्यात जवळ जी बाई आहे ती आशा. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं तेव्हापासून ती कर्मचारी नाही, 'स्वयंसेविका' आहे. पगार नाही, कामागणिक मोबदला. बाळंतपणाला नेलं की इतके, लसीकरणाला मुलं आणली की इतके.

कोरोनात तिला सांगण्यात आलं की घरोघर जा, ताप विचार, बाहेरगावाहून कोण आलं ते लिही, घरात बंद ठेवलेल्यांवर नजर ठेव. या वाढीव कामाचे केंद्रानं ठरवलेले पैसे होते महिन्याला १००० रुपये. दिवसाचे तेहतीस.

माझी खाला आमच्या शहरातल्या एका वस्तीत आशा आहे. एप्रिल २०२० मध्ये तिच्याकडे एक वही, एक पेन आणि घरी शिवलेला मास्क होता. तिच्या वस्तीत नव्वद टक्के घरं आपली. पहिल्या आठवड्यात तिला निम्म्या दारांतून परत पाठवलं गेलं. घरात किती माणसं, वयं काय, कुठून आलात, हे प्रश्न ऐकले की लोकांना एनआरसीच आठवायची. तीनचार महिन्यांपूर्वीच सीएएविरुद्ध रस्त्यावर बसलेली माणसं ही, त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. पण ती भीती निघाली कुणावर? कायदा करणारे दिल्लीत होते, वही घेतलेली बाई दारात होती. एका घरात तिच्या हातातली वही हिसकावून फाडली गेली. वही फाडणाऱ्याची आई तिच्याकडूनच बीपीच्या गोळ्या मागवते. त्याच काळात इंदूरमध्ये आरोग्य पथकावर दगड पडले, बंगळुरूत एका आशेला घेरून धमकावलं गेलं. दोन्ही वस्त्या आपल्याच. अभिमानाच्या भाषणात हे येत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

सप्टेंबरमध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' मोहीम आली. पथकानं दिवसाला पन्नास घरं करायची, प्रत्येकाचा ताप आणि ऑक्सिजन मोजायचा, माहिती मोबाईलवर भरायची. खाला ज्या केंद्राला जोडलेली आहे तिथे ऑक्सिमीटर मिळाले, ही चांगली गोष्ट झाली. मोबाईलच्या रिचार्जचं विचारल्यावर तिथल्या साहेबांनी सांगितलं, घरातल्या मुलांचा फोन वापरा. ती रोज संध्याकाळी माझा फोन न्यायची. मोहिमेचं नाव तर पाहा. कुटुंब माझं, जबाबदारी माझी. सरकारची नेमकी कुठली, ते त्या घोषणेत शोधून सापडत नाही.

२२ मार्चला तिच्यासाठी थाळ्या वाजल्या होत्या. ३ मेला हवाई दलानं दवाखान्यांवर फुलं टाकली. पैसे मागायला मात्र तिला रस्त्यावर यावं लागलं. १५ जून २०२१ ला महाराष्ट्रातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, साधारण सत्तर हजार बाया. आठवडाभरानं तडजोड झाली, ती महिन्याला १००० रुपयांची वाढ आणि ५०० रुपये कोविड भत्ता एवढ्यावर. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या आशांना जागतिक सन्मान दिला आणि सगळ्या पक्षांच्या नेत्यांनी अभिनंदनाचे ट्वीट केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच सन्मानित बाया पुन्हा संपावर होत्या. आरोग्यमंत्र्यांनी ७००० रुपये वाढ जाहीर केली, संप मागे घेतला गेला आणि शासन निर्णय निघालाच नाही. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा संप, फेब्रुवारीत आझाद मैदानावर ठिय्या. मार्चमध्ये मंत्रिमंडळानं वाढ मंजूर केली, ५००० रुपयांची. जाहीर झालेले उरलेले २००० कुठे गेले ते मंत्र्यांनाच विचारा. खाला आझाद मैदानात चार रात्री होती. आमच्या वस्तीतल्या ज्या कमिटीनं तिला 'कोरोना योद्धा' म्हणून शाल दिली होती, त्यातलं कोणीही तिला एक फोन केला नाही.

इथे माझं भांडण दोन बाजूंशी आहे, आणि आपल्या बाजूशी जरा जास्त आहे.

आपल्याला परिपत्रक वाचता येत नाही असं नाही. ३० मार्च २०२० ला मुंबई महापालिकेनं परिपत्रक काढलं की कोविडनं गेलेल्या सगळ्यांचं, धर्म कोणताही असो, दहनच होईल. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाच्या १५ मार्चच्या सूचनांमध्ये दफनाला मनाई नव्हती, काळजी कशी घ्यायची ते सांगितलेलं होतं. हा फरक काही तासांत प्रत्येक मोहल्ल्याला कळला, फोन गेले, मंत्री बोलले आणि परिपत्रक त्याच दिवशी मागे आलं. पुढे वांद्र्याच्या कब्रस्तानांतल्या दफनाविरुद्ध याचिका झाली. कब्रस्तानांच्या विश्वस्तांनी वकील उभे केले, जागतिक आरोग्य संघटनेचे कागद मांडले गेले, आणि २२ मे रोजी उच्च न्यायालयानं याचिका फेटाळली. मयतीपासून रोग पसरतो याला पुरावा नाही, आणि सन्मानानं अंत्यविधी होणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असा तो निकाल आहे. आपली माणसं तो आजही अभिमानानं सांगतात, आणि सांगावाच.

म्हणजे मयतीचा प्रश्न आला तेव्हा आपण ओळ न् ओळ वाचली, वकील लावला, जिंकलो. जिवंत बाईच्या मजुरीचा प्रश्न आला तेव्हा म्हणालो, अल्लाह बदला देईल. मजुराचा घाम वाळायच्या आत त्याची मजुरी द्यावी, हे आपण मदरशापासून ऐकत आलोय. ते फक्त वीटभट्टीवाल्याला लागू होतं का?

यावर एक उत्तर नेहमी येतं: पैसे घेतले तर सवाब कसला? माझं म्हणणं सरळ आहे. तुम्ही स्वतःच्या मर्जीनं दहा दिवस रेशन वाटता ती खिदमत आहे. मनाला येईल तेव्हा सुरू केली, थकलात तेव्हा थांबलात, कोणी जाब विचारला नाही. जिला सकाळी दहाला निरोप येतो, संध्याकाळी पाचपर्यंत आकडे द्यावे लागतात आणि न दिल्यास नोटीस येते, ती नोकरी करते. नोकरीला स्वयंसेवा म्हणणं ही फसवणूक आहे. त्या फसवणुकीवर आपण 'खिदमत' हा आपला चांगला शब्द पांघरूण म्हणून टाकतो.

जी पोरं खरोखरच स्वयंसेवक होती, त्यांचं तरी काय झालं? प्रधानमंत्री गरीब कल्याण पॅकेजमध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी ५० लाखांचा विमा ३० मार्च २०२० पासून लागू झाला. त्याच्या यादीत आशा होत्या, कंत्राटी आणि रोजंदारीवरचे कामगार होते, आणि चक्क 'स्वयंसेवक' हा शब्दही होता. पण अट अशी होती की सरकारी यंत्रणेनं तुम्हाला कोविडच्या कामासाठी मागवून घेतलेलं असलं पाहिजे. दाव्यासोबत तसं प्रमाणपत्र लागायचं. आशेच्या बाबतीत तिला कोविडच्या कामाला लावलं होतं असं प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यानं लिहून द्यायचं.

आता आठवा, आपल्या पोरांना कब्रस्तानात कोणी बोलावलं होतं? फोनवर. "भाई, एक बॉडी आली आहे, चार जण पाठवा." फोन कधी पालिकेच्या माणसाचा, कधी हॉस्पिटलच्या वॉर्डबॉयचा. कागद शून्य. आमच्या गटाच्या नोंदी मी ठेवत होते. मी तेव्हाच म्हटलं होतं की पालिकेकडून एक साधं पत्र घेऊ, नावांच्या यादीसकट, शिक्का मारून. गटातल्या बुजुर्गांनी मला सांगितलं की मयत दारात असताना शिक्के मागणं शोभत नाही. पीपीई किट घालून गुस्लऐवजी तयम्मुम करवणारी, रात्री दोनला कबर बुजवणारी एकोणीस-वीस वर्षांची पोरं ती. एकाला लागण झाली, तो वाचला. नसता वाचला तर त्याच्या अम्मीनं ५० लाखांच्या दाव्याला काय जोडलं असतं, व्हॉट्सअॅपवरचे फोटो? विम्याच्या यादीत 'स्वयंसेवक' हा शब्द होता, आणि आपण एक पत्र मागितलं नाही म्हणून तो आपल्या पोरांच्या उपयोगाचा राहिला नाही.

निगा राखणाऱ्या छोट्या संस्थांचंही तेच झालं. त्यांच्यासाठीच्या निधीच्या सूचना कंपनी कायद्याच्या भाषेत येत होत्या. २३ मार्चला कंपनी व्यवहार मंत्रालयानं सांगितलं, कोविडवरचा खर्च सीएसआरमध्ये धरला जाईल. २८ मार्चला सांगितलं, पीएम केअर्सला दिलेला पैसा सीएसआर. १० एप्रिलला खुलासा आला, मुख्यमंत्री सहायता निधीला दिलेला पैसा सीएसआर नाही. कुठली कंपनी मग वस्तीतल्या संस्थेकडे बघेल? एकच चेक फाडायचा आणि मोकळं व्हायचं. ज्या निधीकडे हा ओघ वळला, तो माहिती अधिकाराच्या कक्षेत येत नाही असं सरकारच म्हणतं.

त्यानंतर सप्टेंबर २०२० मध्ये, रुग्णसंख्या शिखरावर असताना, परदेशी देणग्यांचा कायदा बदलला. मोठ्या संस्थेनं परदेशी निधी छोट्या संस्थेला पुढे द्यायला बंदी. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २०. खातं सक्तीनं दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत. ज्या बीड-परभणीच्या संस्था मुंबई-पुण्याच्या मोठ्या संस्थांकडून पैसा घेऊन कोविड केंद्रात चहा, जेवण, शुश्रूषा बघत होत्या, त्यांचा नळ रात्रीत बंद. दुसरी लाट आली तेव्हा खाती उघडण्याचीच धावपळ चालू होती. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या दुरुस्त्या वैध ठरवल्या. निकाल मान्य. पण महामारीच्या ऐन मध्यावर हे करण्याची घाई कुणाला आणि का होती, हा प्रश्न निकालानं मिटत नाही.

पोकळी भरायला मग कोण आलं? जकात. इचलकरंजीत मुस्लिम समाजानं २०२० च्या रमजानमध्ये ३६ लाख रुपये जमवून इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात दहा खाटांचा अतिदक्षता विभाग उभा करून दिला. ईदच्या दिवशी मुख्यमंत्र्यांनी दूरदृश्य प्रणालीवरून त्याचं उद्घाटन केलं. मला त्या लोकांबद्दल मनापासून आदर आहे. पण हे रुग्णालय सरकारी आहे. यंत्रमागावर राबणाऱ्या लोकांच्या शहरात सरकारी दवाखान्याचा अतिदक्षता विभाग जकातीतून उभा राहतो, याचं कौतुक करताना राज्याला एक ओळ तरी खडसावायला हवी होती. खाट आणि यंत्र एकदाच विकत घ्यावं लागतं. त्याशेजारी रात्रभर उभ्या राहणाऱ्या परिचारिकेचा पगार दर महिन्याला लागतो, आणि जकातीचे पोस्टर त्या पगारासाठी कधी निघत नाहीत.

इंग्लंडचं नाव वर घेतलं, तर तिथे काय झालं तेही पाहू. तिथेही सूचनांनी माणसं मारली. मार्च-एप्रिल २०२० मध्ये रुग्णालयं रिकामी करताना वृद्धांना तपासणीशिवाय केअर होममध्ये पाठवलं गेलं. २ एप्रिलच्या सूचनेत लिहिलं होतं की आधी निगेटिव्ह रिपोर्टची गरज नाही. हजारो म्हातारी माणसं गेली. १५ मेला सरकारनं ६० कोटी पौंडांचा संसर्ग नियंत्रण निधी काढला, त्यातला बहुतेक हिस्सा थेट केअर होमला. त्या निधीचा एक मुख्य उद्देश असा लिहिलेला होता की लागण झाल्यामुळे घरी बसावं लागणाऱ्या सेविकेला तिचा नेहमीचा पगार मिळावा. कारण नुसत्या आजारपणाच्या कायदेशीर भत्त्यावर, आठवड्याला ९५.८५ पौंडांवर, कोण घरी बसेल? ती ताप लपवून कामावर येणार आणि रोग पसरणार. उशिरा का होईना, हे कागदावर आलं. ज्यांचे वडील त्या केअर होममध्ये गेले त्या दोन बाया सरकारविरुद्ध न्यायालयात गेल्या. २७ एप्रिल २०२२ ला लंडनच्या उच्च न्यायालयानं ते धोरण बेकायदेशीर ठरवलं, कारण लक्षणं नसलेल्या रुग्णाकडून असलेला धोका त्यात विचारातच घेतला नव्हता.

मार्गदर्शक सूचनेला कोर्टात खेचता येतं, हे वांद्र्यानंही दाखवलं आणि लंडननंही. आणि निगा राखणाऱ्या बाईचा पगार हा रोग रोखण्याचा खर्च आहे, दानधर्म नाही. हेच एक वाक्य आपल्या कुठल्याही शासन निर्णयात मी अजून शोधतेय. अंगणवाडीच्या बाबतीत निदान सर्वोच्च न्यायालयानं २५ एप्रिल २०२२ ला अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं. 'मानधन' म्हणून जे मिळतं ते वेतनच, असं मानून. आशांसाठी ते दार अजून उघडलेलं नाही.

मग करायचं काय? शाल आणि प्रमाणपत्रांचे कार्यक्रम आधी बंद करा. तुमच्या मोहल्ल्याच्या कमिटीकडे कोरोनात काम केलेल्यांची यादी नसेल तर आजच बसून बनवा: नाव, तारखा, कुठे काम केलं, कोणी बोलावलं. पाच वर्षांनी आठवणी पुसट होतात. त्यातल्या किंवा त्यांच्या घरच्या कुणाचा कोविडनं मृत्यू झाला असेल तर ५० हजारांची मदत मिळाली का ते विचारा. न मिळाल्यास मृत्यूच्या दाखल्यावर कारण काय लिहिलंय ते बघा. बरीच प्रकरणं तिथेच अडकतात. पुढच्या वेळी, पूर असो, दंगल असो की नवा रोग, कार्यालयातून फोन आला की हातमोजे चढवायच्या आधी दोन ओळींचं पत्र मागा. व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं सही-शिक्क्याचं पत्रही चालेल. देणारा कुरकुर करेल, पण माणसं हवी असतील तर देईल.

आणि तुमच्या वस्तीची आशा कोण आहे, ते माहीत करून घ्या. तिला विचारा की मागचे किती महिने मोबदला आलेला नाही. बहुतेकींचे दोन-तीन महिने थकलेलेच असतात. मग आरोग्य केंद्राच्या नावे माहिती अधिकाराचा अर्ज टाका: या वर्षी आशांच्या मोबदल्यासाठी किती निधी आला, किती वाटला, उरलेला कुठे आहे. अर्जाला १० रुपये लागतात आणि उत्तराची मुदत ३० दिवस असते. अर्ज तुमच्या नावानं करा, तिच्या नावानं नको. तिला उद्या त्याच साहेबाकडे वही द्यायला जायचं असतं.